उंटाच्या अन्ननलिकेतील अडथळा : निदान, उपचार आणि तेल पाजण्याची घातक सवय

वऱ्हाडी_पशुवैद्य

सर्वांना नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात गेली चौदा वर्षे पशुवैद्यक म्हणून काम करतो. आमच्या भागात सोयाबीन निघाले की कच्छकडच्या रबारी मेंढपाळांचे डेरे वावरांत उतरतात. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात, आणि डेऱ्याचा सगळा संसार, म्हणजे खाटा, भांडी, तान्ही मुले आणि नुकतीच जन्मलेली कोकरे, उंटांच्या पाठीवरून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. डेऱ्यात उंट चार-पाचच असतात, परंतु त्यांतला एक आजारी पडला की सगळा डेरा जागच्या जागी थांबतो. आम्हा पशुवैद्यकांचे शिक्षण मात्र गाय, म्हैस आणि शेळी यांच्याभोवती झालेले असते. उंट पुस्तकात वाचलेला असतो, त्याला हात लावलेला नसतो. म्हणून माझ्या दोन रुग्णांची हकीकत इथे सविस्तर लिहितो. राजस्थानात किंवा आखाती देशांत काम करणाऱ्या जाणकारांनी त्यात दुरुस्ती करावी आणि भर घालावी.

पहिला रुग्ण दोन हिवाळ्यांपूर्वीचा. नऊ-दहा वर्षांचा नर दोन दिवस काही खात नव्हता, तोंडातून फेस येत होता आणि डावी कूस थोडी फुगली होती. माझ्याआधी कोणीतरी पोटफुगी समजून बांबूच्या नळकांड्यातून त्याला अर्धा लिटर गोडेतेल पाजले होते. ते दोन्ही नाकपुड्यांतून बाहेर आले, तरी संध्याकाळी पुन्हा तेवढेच पाजण्यात आले. मी गेलो तेव्हा मीही पोटफुगीच धरून चाललो, इंजेक्शन दिले आणि मान चाचपली नाही. ही माझी चूक मी इथे स्पष्ट लिहितो. दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास उथळ आणि जलद झाला, नाकातून पिवळसर तेलकट स्राव येऊ लागला, आणि पाचव्या दिवशी तो गेला. शवविच्छेदनात मानेच्या खालच्या भागात, अन्ननलिकेत, मुठीएवढा प्लास्टिकच्या सुतळीचा आणि पोत्याच्या धाग्यांचा गुंता मिळाला, आणि दोन्ही फुफ्फुसांच्या पुढच्या व खालच्या पाळ्या तेलाने माखलेल्या होत्या. तो गुंता काढता आला असता. फुफ्फुसात गेलेले तेल काढण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

दुसरा रुग्ण या डिसेंबरमधला, सात वर्षांचा नर. मालकाने सांगितले की सकाळी धुऱ्यावरच्या कवठाच्या झाडाखाली उंट चरत होते, गावातली कुत्री अंगावर धावून आली, उंट बिचकले, आणि त्यानंतर लगेच याने मान लांब करून ओकाऱ्या काढायला सुरुवात केली. माझ्या मते ही हकीकतच निम्मे निदान होते. जनावर बिचकले किंवा दुसऱ्या जनावराने त्याला हुसकले, की तोंडातला घास न चावता गिळला जातो.

या वेळी मी आधी काही अंतरावर उभा राहून दहा मिनिटे फक्त पाहिले. निरोगी उंट रवंथ करीत असताना त्याच्या मानेच्या डाव्या बाजूने चेंडूसारखा गोळा वर सरकताना दिसतो आणि चावून झाले की तोच गोळा पुन्हा खाली जाताना दिसतो. शेजारी बसलेल्या सांडणीच्या मानेवर हे स्पष्ट दिसत होते. आजारी नराच्या मानेवर असे काहीच हलत नव्हते. तो दर मिनिट-दोन मिनिटांनी मान पुढे ताणून गिळण्याचा प्रयत्न करी, मानेचे स्नायू आवळले जात, आणि मग नाकातोंडातून लाळ व चाऱ्याचे हिरवे कण मिसळलेले पाणी बाहेर येई. बादलीत थोडे पाणी ठेवल्यावर त्याने पाच-सहा घोट घेतले, आणि क्षणभराने ते सगळे परत आले. गाईमध्ये पाणी जवळजवळ लगेच परत येते. उंटाची मान लांब असल्यामुळे अडथळा जितका खाली तितके अधिक घोट आधी मानेत साठतात, आणि परत येण्यास तितका जास्त वेळ लागतो. त्यामुळे अडथळा कुठे आहे याचा पहिला अंदाज या एका चाचणीवरून बांधता येतो. मात्र ही चाचणी एकदाच, थोड्या पाण्यावर आणि डोके खाली असतानाच करावी.

त्यानंतर दोन जोडी हातमोजे घालून मी मान चाचपली. जबड्याच्या कोनापासून सुरुवात करून डाव्या बाजूने, श्वासनलिका आणि गळ्याची शीर यांच्या मधल्या खाचेतून, बोटे हळूहळू छातीपर्यंत नेली. मानेच्या वरच्या आणि मधल्या भागाच्या सीमेवर टेनिसच्या चेंडूएवढा, कठीण, गुळगुळीत गोळा लागला. त्याच्या वरच्या बाजूला लाळ साठून नलिका मऊ पिशवीसारखी फुगली होती. गोळ्यावर दाब दिला की उंट कण्हत असे. अंगठ्याने तो बोटभर वर सरकत होता, आणि याच एका गोष्टीने मला धीर आला.

उंटाला बसवले, पुढचे गुडघे दोरीने बांधले, मागून दोघांनी धरले, आणि हलके गुंगीचे इंजेक्शन दिले. डोके मानेपेक्षा खाली राहील असे ठेवले, जेणेकरून लाळ श्वासनलिकेत न जाता बाहेर गळावी. मध्ये भोक असलेली लाकडी पट्टी दातांमध्ये घालून मऊ नळी फक्त गोळ्यापर्यंत नेली, तिच्यातून थोडी वंगणजेली सोडली आणि नळी काढून घेतली. मग माझा सहकारी बाहेरून दोन्ही अंगठे गोळ्याच्या मागे लावून, उंटाने गिळण्याचा प्रयत्न थांबवला की तेवढ्याच वेळात, गोळा वर ढकलू लागला. उंट गिळू लागला की तो नुसता धरून ठेवी, ढकलत नसे. पंचवीस मिनिटांनी गोळा घशापर्यंत आला. हात आत घालण्याचा मोह मी टाळला, कारण उंटाचे तोंड अरुंद आणि लांब असते, सुळे अणकुचीदार असतात, आणि लाकडी पट्टी सरकली तर मनगट वाचत नाही. प्लास्टिकचे वेष्टण असलेल्या तारेचा फास करून तो कवठाच्या मागे नेला आणि कवठ ओढून काढले. ते अखंड होते, त्याच्यावर दाताची एकही खूण नव्हती.

फळ निघताच एक गोष्ट घडली, जिच्यासाठी मी तयार नव्हतो. कोंडलेला वायू आणि जठरातील हिरवा द्रव एकदम वर आला. डोके खाली होते म्हणून तो बाहेर पडला, अन्यथा तो श्वासनलिकेत गेला असता.

माझे प्रश्न असे आहेत. गोळा वर सरकला नसता तर पुढे काय करणे योग्य होते? खाली ढकलण्याचा प्रयत्न कितपत सुरक्षित आहे? आणि छातीतल्या भागात अडथळा असेल तर गावपातळीवर काय करता येईल?

---

मरुधर_शस्त्रक्रिया

डॉक्टरसाहेब, आपली नोंद वाचून समाधान वाटले, विशेषतः पहिल्या रुग्णातील स्वतःची चूक आपण मोकळेपणाने लिहिलीत म्हणून. मी मूळचा साताऱ्याचा, पदव्युत्तर शिक्षणासाठी बिकानेरला आलो आणि इथेच रमलो. याच शहराजवळ, जोडबीड येथे, १९८४ साली उंटांसाठीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. तरीही खेड्यापाड्यांतून येणारे बहुतेक रुग्ण आजही उशिराच येतात. उंट तहान आणि निर्जलीकरण इतक्या निमूटपणे सोसतो की शरीरातील पाण्याची मोठी तूट होऊनही तो चालताना दिसतो, आणि मालकाला वाटते की अजून वेळ आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात उंटांची संख्या अडीच लाखांच्या आसपास आली आणि २०१२ च्या तुलनेत ती ३७ टक्क्यांनी घटलेली होती. अशा काळात एकेक जनावर वाचणे त्या कुटुंबासाठी किती मोलाचे असते, हे मी इथे रोज पाहतो.

आता आपल्या प्रश्नांकडे येतो. खाली ढकलण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: कवठ, बटाटा, गाजर किंवा सलगम यांसारखी गोल व गुळगुळीत वस्तू मानेच्या खालच्या भागात असेल, अडून थोडेच तास झाले असतील, आणि मऊ, वंगण लावलेल्या नळीच्या हलक्या दाबाने ती सहज सरकत असेल, तरच ती ढकलावी. हाताला रोध लागला की तिथेच थांबावे. जुन्या पुस्तकांत ताठ सळीने वस्तू जठरात लोटण्याचे वर्णन असते. उंटासाठी मी ते त्याज्य मानतो. प्रौढ उंटाची अन्ननलिका दीड ते दोन मीटर लांब असते, मान खाली झोल घेऊन छातीत शिरते आणि त्या वळणावरच पुष्कळ वस्तू अडकतात. सळी तिथे भिंतीला टेकते. मानेत भोक पडले तर गळू होते आणि ते निदान फोडता येते. छातीत भोक पडले तर जनावर हातचे गेलेच म्हणून समजावे. सुतळी, चामडे, हाड किंवा तार असल्याची शंका असेल तर ढकलण्याचा विचारही मनात आणू नये.

अडथळ्याची नेमकी जागा ठरवण्यासाठी एक साधी रीत सांगतो. नळी अडली की दातांच्या जागी तिच्यावर चिकटपट्टीची खूण करावी, नळी बाहेर काढावी आणि उंटाची मान सरळ असताना ती बाहेरून मानेवर धरून पाहावी. टोक कुठे येते ते लगेच दिसते. गाई-म्हशींसाठीची नळी प्रौढ उंटाच्या जठरापर्यंत पुरेलच असे नाही. ती संपली म्हणून अडथळा आला असा समज करून घेणारे मी पाहिले आहेत. सुमारे तीन मीटर लांबीची नळी जवळ ठेवावी. नळी श्वासनलिकेत गेली की उंट खोकेलच, यावरही विसंबू नये. मानेच्या डाव्या बाजूला बोटांना दोन वेगवेगळ्या नळ्या लागल्या पाहिजेत, एक कड्यांची श्वासनलिका आणि दुसरी आपण घातलेली नळी. तसे होईपर्यंत नळीतून पाण्याचा थेंबही सोडू नये.

वर सरकत नाही आणि खाली सरकत नाही, अशा वेळी मानेवर शस्त्रक्रिया करून अन्ननलिका उघडावी लागते. मी हे हलक्या मनाने सुचवत नाही, कारण अन्ननलिकेला जठरासारखे बाहेरचे पातळ आवरण नसते, ती सतत हलत असते, तिच्यातून लाळ वाहत असते, आणि त्यामुळे टाके भरून येण्यास ती नाठाळ असते. तरीही चोवीस तास धक्के मारून भिंत काळी पाडण्यापेक्षा वेळीच घेतलेला छेद कितीतरी बरा. उंटाला उजव्या कुशीवर किंवा बसलेल्या स्थितीत मान उजवीकडे ताणून ठेवतात. गुंगी आणि छेदाच्या रेषेत जागच्या जागी भूल पुरते. डाव्या बाजूला, शीर आणि श्वासनलिका यांच्या मधून आत जाताना मानेची धमनी आणि तिच्या सोबत जाणारा मज्जातंतू बोटाने बाजूला करून जपावा. स्वरयंत्राकडे जाणारा बारीक मज्जातंतूही तिथेच असतो, आणि त्याला इजा झाली की जनावर वाचूनही घरघरत राहते.

छेद वस्तूवर घ्यावा की तिच्या शेजारी, हा निर्णय भिंतीचा रंग पाहून करावा. भिंत गुलाबी असेल तर वस्तूवरच उभा छेद घेतो. ती जांभळी किंवा राखाडी झाली असेल तर दोन-तीन बोटे खाली, निरोगी भागावर छेद घेऊन वस्तू तिकडे ओढतो, म्हणजे टाके जिवंत मांसात बसतात. आतल्या श्लेष्मल थरात खरी ताकद असते, म्हणून तो विरघळणाऱ्या धाग्याने काळजीपूर्वक शिवायचा, त्यावर स्नायूंचा थर, आणि त्वचेच्या जखमेला खालच्या टोकाशी पाझरायला वाट ठेवायची. दोन ते तीन दिवस तोंडावाटे काहीही नाही, शिरेतून सलाईन, मग कोमट पाणी, मग पातळ पेज आणि सुमारे दहा दिवस भिजवलेला मऊ चारा.

छातीतला अडथळा गावात सोडवू नका. तिथे डाव्या कुशीतून पहिले जठर उघडून, आतून अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत हात नेऊन वस्तू खाली ओढतात किंवा तिथून नळी उलट दिशेने वर घालून तिला सैल करतात. यासाठी महाविद्यालयाचा दवाखानाच हवा. तोपर्यंत आपल्या हातात एवढेच असते: काहीही पाजू नये, डोके खाली ठेवावे, सलाईन द्यावे आणि लवकर रवाना करावे.

---

किनारा_निवासी

मी पशुवैद्यक नाही. रायगड जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्यालगत राहतो. इथे पर्यटकांना फिरवणारे उंट असतात, आणि पर्यटक त्यांना मक्याची खाल्लेली कणसे, शहाळ्याची मलई, कधी पाकिटासकट वेफर्स देतात. हिवाळ्यात यांतल्या काही उंटांच्या तोंडातून भरपूर फेस येतो आणि गळ्यातून घागरीत पाणी बुडबुडावे तसा आवाज येतो. हे काही अडकल्याचे लक्षण समजावे का? आपण लोक त्यात काय मदत करू शकतो?

---

मरुधर_शस्त्रक्रिया

फार उपयुक्त प्रश्न विचारलात. याच ठिकाणी निदान सर्वांत जास्त चुकते. हिवाळा हा नर उंटाच्या मस्तीचा काळ असतो. त्या काळात तो टाळूचा मऊ भाग फुग्यासारखा फुगवून तोंडाच्या एका बाजूने बाहेर काढतो आणि बुडबुडा आवाज करतो. इकडे त्याला दुल्ला किंवा गुल्ला म्हणतात. लाल-गुलाबी पिशवी तोंडाबाहेर लोंबताना पाहून नवखा माणूस घाबरतो, पण थोड्या वेळाने ती आपोआप आत जाते. मस्तीत आलेला नर दात खातो, फेस गाळतो, चारा कमी करतो, आणि मानेच्या मागे डोक्याजवळच्या ग्रंथींतून काळपट, उग्र वासाचा स्राव वाहतो.

फरक असा ओळखावा. मस्तीतला उंट खाणे कमी करतो, पण पाणी पितो आणि ते पाणी पोटात राहते. तो आक्रमक असतो, त्रस्त नसतो. अडथळा झालेला उंट गिळू पाहतो आणि त्याला गिळता येत नाही. त्याच्या नाकातून चाऱ्याचे कण येतात. मस्तीतल्या फेसात चारा नसतो. मात्र दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, आणि ‘मस्तीत आहे’ म्हणून चार दिवस दुर्लक्षित राहिलेले नर माझ्याकडे आले आहेत. शिवाय झुंजीत चावा बसून दुल्ला सुजतो, त्यात चारा अडकून कुजतो आणि गिळणे बंद पडते. याच मोसमात चाव्याने खालचा जबडाही मोडतो. म्हणून मान चाचपण्याआधी तोंड उघडून, उजेड पाडून पाहणे आवश्यक आहे.

आपल्याला मदत करायची असेल तर पर्यटकांना कणसे आणि पाकिटे देण्यापासून थांबवा, आणि उंटवाल्यांशी आदराने बोला. उंट हे त्यांचे पोट आहे. त्याच्या मीठ-पाण्याची त्यांना आपल्यापेक्षा जास्त चिंता असते.

---

विद्यार्थी_अंतिमवर्ष

सर, मी नागपूरला अंतिम वर्षाला आहे. आम्हाला शिकवताना गिळता न येणाऱ्या प्रत्येक जनावरात आधी पिसाळण्याचा रोग मनात आणा, असे सांगितले जाते. उंटात तो कसा दिसतो? आणि मूळ धाग्यात दोन जोडी हातमोजे घातल्याचा उल्लेख आहे, तो याच कारणाने आहे का?

---

वऱ्हाडी_पशुवैद्य

होय, अगदी त्याच कारणाने. कुत्री अंगावर धावली असे मालकाने सांगितले, त्या क्षणी माझ्या मनात कवठाच्या आधी तोच विचार आला. कुत्र्यांचा हल्ला त्याच सकाळचा असेल, तर त्या दिवशीची लक्षणे त्या चाव्याची असू शकत नाहीत, कारण विषाणूला मेंदूपर्यंत पोहोचायला सहसा काही आठवडे लागतात. परंतु महिनाभरापूर्वी चावा झाला असेल आणि तो कोणाच्या लक्षातही नसेल, ही शक्यता उरतेच. मी मालकाला, त्यांच्या पत्नीला आणि मेंढ्यांमागे जाणाऱ्या मुलाला वेगवेगळे विचारले.

पिसाळलेल्या उंटाला घसा लुळा पडल्यामुळे गिळता येत नाही. त्याच्या मानेत कठीण गोळा लागत नाही, नळी कुठेही न अडता आत जाते, आणि त्यासोबत वागण्यातला बदल, स्वतःला किंवा इतरांना चावणे, मागच्या पायांची अशक्तता, कोसळणे असे काही ना काही दिसते. थोडक्यात, नळी सहज गेली आणि तरीही गिळता येत नाही, तर हात बाहेर काढून तिथेच थांबावे, जनावर वेगळे बांधावे आणि लाळेला हात लागलेल्या प्रत्येकाची यादी करावी. हाताला ओरखडा असताना लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. डेऱ्यातल्या माणसांनाही हे समजावून सांगणे आपलेच काम आहे, कारण आपण येण्याआधी त्यांनी उघड्या हाताने तोंडात बोटे घातलेली असतात.

धनुर्वातात जबडा घट्ट मिटलेला असतो, आणि हाडे चघळणाऱ्या उंटात कुजक्या हाडातल्या विषाने जीभ व घसा लुळा पडतो, हेही लक्षात ठेव.

---

आखात_तंत्रज्ञ

मी गेली अकरा वर्षे दुबईत पशुवैद्यकीय प्रतिमा-विभागात तंत्रज्ञ आहे. मूळ गाव परभणी. वरील चर्चेत उपकरणांचा भाग राहिला आहे, तेवढा लिहितो.

क्ष-किरणात हाड, तार, नाणे असे काही असेल तर ते लगेच दिसते. फळ, दोरी, कापड आणि प्लास्टिक मात्र थेट दिसत नाहीत; त्यांच्या वर साठलेला वायू आणि चाऱ्याचा ठिपकेदार साठा दिसतो आणि त्यावरून जागा ओळखावी लागते. बेरियम पाजून चित्र घेण्याचा आग्रह काही जण धरतात. पूर्ण अडथळा असताना तो धरू नये, कारण जे तेलाचे होते तेच बेरियमचे होते. फार गरज वाटली तर नळीने, अडथळ्याच्या जरा वर, अगदी थोडे द्यावे आणि डोके उंच करू नये.

सोनोग्राफीचा उपयोग मला यापेक्षा जास्त वाटतो, आणि आता खेड्यांतल्या डॉक्टरांकडेही गाभण तपासणीचे यंत्र असते. मानेच्या डाव्या बाजूचे केस भादरून, भरपूर जेल लावून, वरच्या थरांचा प्रोब आडवा धरला की अन्ननलिकेचा गोल छेद दिसतो. अडथळ्याच्या वर ती लाळेने फुगलेली, काळी दिसते. अडथळ्यावर आल्यावर चकचकीत वक्र रेषा येते आणि तिच्या मागे गडद सावली पडते. तीच रेषा धरून भिंतीची जाडी मोजता येते. भिंत फार सुजलेली असेल तर हाताने ढकलण्याचा प्रयत्न किती वेळ करायचा याचा अंदाज शल्यविशारदाला येतो. दुर्बिणीसाठी तीन मीटर लांबीचा लवचीक स्कोप उत्तम. त्याने वस्तू दिसते, पकडता येते, आणि मुख्य म्हणजे काढून झाल्यावर व्रण किती खोल आहे हे पाहता येते.

प्लास्टिकचा प्रश्न इथे मोठा आहे. इथल्या मध्यवर्ती पशुवैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेतील उलरिख वेर्नेरी यांनी २००८ पासून तपासलेल्या सुमारे ३०,००० मृत उंटांपैकी ३०० उंटांच्या जठरात प्लास्टिकचे गोळे सापडल्याची नोंद आहे. वाळवंटात उंटांच्या सांगाड्यांमध्ये सापडलेल्या अशा पाच गोळ्यांपैकी सर्वांत मोठा जवळजवळ ६४ किलोचा होता. एवढा गोळा एका दिवसात तयार होत नाही; तो घासाघासाने अन्ननलिकेतूनच खाली गेलेला असतो, आणि त्यातला एखादा घास आपण या धाग्यात बोलतो तसा मानेत अडतो. म्हणून सुतळीचा गुंता मानेतून काढला तरी जठरात आणखी काय आहे हा प्रश्न मनात ठेवावा. भूक परतली नाही तर त्या दिशेने तपासावे.

---

डेऱ्यांसोबत

मी मेंढपाळांच्या आरोग्य आणि शिक्षणावर काम करते आणि वर्षातले चार महिने डेऱ्यांबरोबर फिरते. एक विनंती आहे. तेल पाजणे हा अडाणीपणा आहे अशा सुरात हे सांगू नका. तेल पाजण्यामागे त्यांचा अनुभव आहे. चारा जास्त खाऊन पोट फुगते तेव्हा त्याचा उपयोग होतो आणि त्यांनी तो पाहिलेला असतो. त्यांना सांगायचे ते एवढेच की नाकातून पाणी परत येत असेल तर तेल नको. या एका खुणेवर ते लगेच विश्वास ठेवतात, कारण ती खूण त्यांना डोळ्यांनी दिसते. गेल्या वर्षी मी तीन डेऱ्यांत हेच सांगितले. एका आजींनी मला विचारले, ‘मग तोवर आम्ही काय करायचे, नुसते बघत बसायचे का?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते इथल्या डॉक्टरांनी द्यावे.

दुसरे असे की उंट हाडे, चामडे, जुनी वहाण चघळतो तेव्हा डेऱ्यातली माणसे त्याला खोड म्हणतात. इथे कोणी त्याचे कारण नीट लिहिले तर मी ते गुजरातीत करून त्यांना वाचून दाखवेन.

---

मरुधर_शस्त्रक्रिया

ताई, आजींचा प्रश्न रास्त आहे. त्यांना सांगा की करण्यासारखे पुष्कळ आहे. चारा-पाणी समोरून काढावे. उंटाला शांत जागी, उतार असेल तर डोके उताराकडे करून बसवावे. पाठीवरचे ओझे आणि खोगीर उतरवावे. मान डाव्या बाजूने हलक्या हाताने चाचपावी आणि गाठ लागली तर तिच्या जागेवर हळदीची किंवा कोळशाची खूण करावी, म्हणजे डॉक्टर येईपर्यंत ती सरकली का हे कळते. शेवटचे पाणी कधी प्यायला, शेवटचे रवंथ कधी दिसले, हे लक्षात ठेवावे. तोंडात हात घालू नये. डावी कूस ढोलासारखी ताठ होऊन श्वास कोंडू लागला तर थांबू नये, जवळच्या कोणत्याही पशुवैद्यकाला बोलावून सुईने वायू सोडवून घ्यावा. ते काम मात्र घरी करू नये, कारण उंटाच्या जठराला छिद्र पडून आतला द्रव पोटात सांडला तर दुसरेच संकट उभे राहते.

चघळण्याचे कारण बहुधा शरीरातील क्षारांची, विशेषतः फॉस्फरसची, कमतरता हे असते. सुकलेल्या चाऱ्यावर आणि झाडपाल्यावर महिनोन्‌महिने राहिलेल्या, दूध देणाऱ्या सांडणीत ते जास्त दिसते. उंटाला मीठही गाई-बैलांपेक्षा बरेच जास्त लागते. रोजच्या ढेपेत खनिज मिश्रण आणि मीठ दिले की काही आठवड्यांत ही सवय कमी होते. ती खोड नाही, भूक आहे.

---

वऱ्हाडी_पशुवैद्य

सर्वांचे मनापासून आभार. पुढील देखभालीतला एक अनुभव लिहायचा राहिला होता.

कवठ काढल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी डेऱ्यातून निरोप आला की उंटाचे अंग तापले आहे. थर्मामीटर लावला तर ३९ अंश सेल्सिअसच्या पुढे. पहिल्या रुग्णाच्या आठवणीने मी फुफ्फुसाचा दाह धरून औषधे बदलण्याच्या बेतात होतो. मग आठवले की उंटाचे तापमान दिवसभरात बदलते. पाणी कमी मिळालेल्या उंटात पहाटेच्या ३४-३५ अंशांपासून दुपारच्या ४० अंशांपर्यंत ते जाऊ शकते, आणि हा उंट दोन दिवस कमी पाण्यावरच होता. त्या रात्री मी डेऱ्यातच थांबलो. पहाटे साडेपाचला तापमान ३६ होते, श्वास संथ होता, छातीत कुठेही घरघर नव्हती. औषधे बदलली नाहीत. यापुढे अशा रुग्णाचे तापमान मी रोज पहाटे एकाच वेळी घेणार आहे.

व्रण भरताना अन्ननलिका आवळून अरुंद होण्याचा धोका काही आठवडे राहतो, म्हणून मालकाला तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: कोरडा चारा खाताना मान ताणतो का, गोळा वर येताना अर्ध्यात थांबतो का, आणि वजन उतरते का. डेरा आता दारव्ह्याच्या दिशेने पुढे गेला आहे. काल त्यांचा दूरध्वनी आला. एकविसावा दिवस होता, उंट कुटार खात होता, आणि मालकाने फोन उंटाजवळ नेऊन मला रवंथाचा आवाज ऐकवला. पुढच्या आठवड्यात तिकडच्या सहकाऱ्याने नळी घालून एकदा पाहावे, असे ठरले आहे.